सहाची गाडी बारावर नेताना मूळ मीटर वाचवा

शेवरोलेचे अ‍ॅडव्हान्स डिझाइन ट्रक १९४७ साली आले आणि १९५५च्या सुरुवातीपर्यंत चालले. हे सगळे सहा व्होल्टचे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्यांची जोडणी करत असे, ती १९५४ साली बंद झाली. या पिढीचा ट्रक बारा व्होल्टवर नेणं अवघड नाही. दिवे सुधारतात, स्टार्टर दमदार फिरतो. पण घाईत डॅशबोर्डवरचा मूळ मीटर जळला, तर बाजारात मिळणाऱ्या नव्या मीटरला तो चेहरा नसतो. म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी कुठला मीटर कशावर चालतो, ते समजून घ्या.

ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर हे दोन्ही मीटर विजेवर चालतच नाहीत. तरी वायरिंग काढताना सगळ्यात जास्त मार टेंपरेचर मीटरलाच बसतो. त्याच्या मागून निघणारी बारीक नळी थेट इंजिनच्या हेडपर्यंत जाते, आणि आत ईथर असतो. नळी मीटरपासून सुटी होत नाही. ती तुटली किंवा चेपली की मीटर गेला. आधी हेडमधला बल्ब, म्हणजे नळीच्या टोकाची तापमान टिपणारी कुपी, सोडवा, नळीची मोठी वेटोळी करून बांधा, आणि मगच सगळा संच बाहेर ओढा.

अँमीटर करंट मोजतो, व्होल्टशी त्याला देणंघेणं नाही. ३५ वॉटचा दिवा बारावर निम्माच करंट घेतो, म्हणजे उलट भार कमी होतो. धोका आहे तो साठ-सत्तर अँपिअरच्या अल्टरनेटरचा. उतरलेली बॅटरी चार्ज होताना तो मीटरच्या पट्टीपलीकडे करंट ढकलू शकतो. छोटा अल्टरनेटर घ्या आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीत फ्युजिबल लिंक, म्हणजे जास्त करंट आला की वितळून तुटणारा वायरचा तुकडा, टाका.

आता खरा विषय, पेट्रोलचा मीटर. यात दोन कॉइल असतात आणि काटा त्यांच्या ओढाताणीवर थांबतो. टाकीतला फ्लोट पेट्रोलच्या पातळीप्रमाणे हलतो आणि रेझिस्टन्स बदलतो: रिकाम्याला ० ओहम, भरलेल्याला ३० ओहम दाखवतो. बारा व्होल्ट दिले तरी काटा जवळपास बरोबरच दाखवतो, कारण दोन्ही कॉइलचा जोर सारख्या प्रमाणात वाढतो. इथेच फसगत होते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. टाकी रिकामी असताना फ्लोट जवळजवळ शॉर्ट असतो आणि पूर्ण व्होल्टेज एकट्या ‘रिकामी’ बाजूच्या कॉइलवर येतं. मीटर महिनोन्‌महिने चालतो आणि मग एके दिवशी जळतो.

यावर अनेक वायरमन सिरीजमध्ये रेझिस्टर टाकतात. ते करू नका. रेझिस्टरवर किती व्होल्ट पडणार ते करंटवर ठरतं, आणि करंट टाकीतल्या पेट्रोलप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा ७८०६ हा सहा व्होल्टचा रेग्युलेटर वापरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. छापील अक्षरं समोर धरली की पाय डावीकडून इनपुट, अर्थ (गाडीची बॉडी), आउटपुट. इनपुट आणि अर्थ यांच्यामध्ये ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुट आणि अर्थ यांच्यामध्ये ०.१चा. इनपुटच्या आधी अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि करंट एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४००७ डायोड. पाठीची धातूची पट्टी अर्थच असते, त्यामुळे रंग खरवडून ती सरळ बॉडीला बोल्टने आवळा. ०.२ अँपिअर करंट धरला तर १४ व्होल्टवर दीड वॉटच्या आसपास उष्णता होते. तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मध्ये घातला की पुरे.

जोडण्याआधी आउटपुट मल्टिमीटरने तपासा. मीटरच्या मागे दोन टर्मिनल असतात, एक इग्निशनचं, दुसरं फ्लोटचं. त्यांची अदलाबदल झाली तर टाकीतल्या फ्लोटच्या बारीक तारेवर थेट व्होल्टेज जातं आणि ती जळते. ही तार पेट्रोलच्या वर असते, हे विसरू नका. १९४९ पासूनच्या पिकअपमध्ये तर टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच आहे. चाचणी सोपी: फ्लोटची वायर मीटरच्या बाजूला, टाकीपासून लांब, अर्थ केली की काटा ‘रिकामी’वर यायला हवा, सोडली की ‘भरलेली’च्याही पलीकडे जायला हवा. काटा डुलत असेल तर मीटरच्या बॉडीची आणि टाकीची अर्थ आधी बघा. नवा रंग दिलेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मीटरमागचे दिवेही बदलावे लागतात: ५१ नंबरच्या जागी ५३, ५५ च्या जागी ५७. जास्त वॉटचे बल्ब घालू नका, जुन्या तबकडीचा रंग उष्णतेने करपतो.

फोर्डच्या १९५५ पर्यंतच्या ट्रकना ही जोडणी जशीच्या तशी लावू नका. तिथे पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, शिवाय पेट्रोल, ऑइल आणि टेंपरेचर हे तिन्ही मीटर विजेचे आहेत. पॉझिटिव्ह अर्थ तशीच ठेवायची असेल तर ७९०६ हा निगेटिव्ह व्होल्टेजचा रेग्युलेटर लागतो. त्याची धातूची पट्टी अर्थ नसून इनपुट असते, म्हणून खाली अभ्रकाची चकती आणि बोल्टला प्लास्टिकचं बुश घातल्याशिवाय तो बॉडीला टेकवायचा नाही.