समोरच्याला सुलट दिसेल असा प्लॅन

घराचं बोलणं चालू असताना मी प्लॅन समोरच्याला सुलट दिसेल असा, म्हणजे माझ्या बाजूने उलटा काढतो. नवीन आलेलं माणूस हमखास विचारतं, ‘हे कुठे शिकलात?’ माझं उत्तर ठरलेलं: पॉल विल्यम्स यांच्याबद्दल वाचून.

लॉस एंजेलिसचे हे आर्किटेक्ट. जन्म १८९४चा. चार वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघेही क्षयाने गेले. शाळेत शिक्षकाने सांगितलं, काळ्या आर्किटेक्टला काम देणार कोण? तरी १९२१मध्ये लायसन्स मिळवलं आणि १९२३मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले.

बहुतेक गिऱ्हाईक गोरं. काळ्या माणसाशेजारी बसून नकाशा बघायला अनेकांना नको वाटायचं. म्हणून विल्यम्स टेबलाच्या पलीकडेच बसत आणि तिथूनच उलटं काढत. समोरचा खोल्या सांगतोय आणि त्याच्या डोळ्यांदेखत घर उभं राहतंय! भिंती पटकन जमतात. घोटाळा होतो तो जिन्यात, कारण वर जाणारा बाण चुकतो. खोल्यांची नावं उलटी लिहिणं त्याहून कठीण. मी ते हौसेने शिकलो. त्यांना अपमान गिळून शिकावं लागलं, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

ज्या वस्त्यांत त्यांनी देखणे बंगले बांधले, त्यांतल्या अनेक ठिकाणी काळ्यांना घर विकायचं नाही अशी अट खरेदीखतातच असे. आपण आखलेल्या घरांच्या शेजारी आपल्याला राहता येत नाही, हे त्यांनी १९३७मध्ये एका लेखात उघडपणे लिहिलं. तरी हात आखडला नाही. मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयाची मूळ इमारत त्यांनी एक पैसा न घेता आखून दिली. १९६२मध्ये ते सुरू झालं. तिथे पहिल्या दिवसापासून काळी-गोरी मुलं एकत्र उपचार घेत.

१९८०मध्ये ते गेले. इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक मिळालं २०१७मध्ये. एवढा उशीर मला अक्षम्य वाटतो. त्यांचे हजारो नकाशे आता गेटी संशोधन संस्था आणि ते जिथे इंजिनिअरिंग शिकले त्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आहेत. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांनी ते जरूर बघावेत. त्यातले वळणदार जिने तर सावकाश, एकेक पायरी मोजत बघावेत.