डेड पोएट्स सोसायटी आणि अर्ध्यावर सोडलेल्या कविता

गेल्या आठवड्यात डेड पोएट्स सोसायटी लागोपाठ दोनदा बघितला, एकदा नेहमीसारखा आणि दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आवाज बंद करायचं कारण म्हणजे कीटिंग सर (पिक्चरमधले इंग्रजीचे शिक्षक) बोलायला लागले की माझं फ्रेममधल्या बाकी कशाकडे लक्षच जात नाही, रॉबिन विल्यम्सचा तो आवाज, मधेच कुजबुजल्यासारखं बोलणं, मधेच गालातल्या गालात हसणं, आणि मी परत सतरा वर्षांची होऊन त्याच्या वर्गात बसलेली असते. सतराव्या वर्षी पहिल्यांदा बघितला तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर 'कार्पे डिएम' लिहून ठेवलं होतं आणि पुढे कितीतरी वर्षं मला वाटायचं पिक्चरचं म्हणणं एवढंच आहे, आजचा दिवस भरभरून जगून घ्या. आता तसं वाटत नाही. आता वाटतं की हा पिक्चर अर्ध्यावर सोडलेल्या ओळींबद्दल आहे, आणि राहिलेला अर्धा भाग कुणीच बोलून दाखवत नाही, तो कॅमेरा दाखवतो. शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे, तेव्हा बघितला नसेल तर आधी बघून या.

माहिती थोडक्यात. १९८९ चा पिक्चर, दिग्दर्शक पीटर वियर, कॅमेरा जॉन सील, लेखन टॉम शुलमन आणि त्याला ह्याच पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. गोष्ट १९५९ मधली, व्हरमाँटमधल्या वेल्टन नावाच्या मुलांच्या बोर्डिंग शाळेतली, शूटिंग मात्र डेलावेअरमधल्या सेंट अँड्र्यूज स्कूलमध्ये झालंय. कीटिंग तिथे नवा शिक्षक म्हणून येतो आणि नील, टॉड, नॉक्स, चार्ली, पिट्स, कॅमेरॉन ही त्याच्या वर्गातली मुलं रात्री गुहेत जमून कविता वाचणारं गुप्त मंडळ परत सुरू करतात, तीच डेड पोएट्स सोसायटी. सुरुवात शरद ऋतूत होते, शेवट बर्फात.

पहिली पाच मिनिटं आवाज न लावता बघा. भिंतीवरचं शाळकरी मुलांचं चित्र, मग एका छोट्या मुलाचा टाय सरळ करणारे हात, मग मेणबत्त्या, एकाची ज्योत दुसऱ्याकडे, 'ज्ञानाचा प्रकाश' म्हणून. सगळं देखणं आहे आणि सगळं सरळ रेषेत आहे. रांगा, बाकं, झेंडे, चर्चमधल्या खुर्च्या. कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे समोर बघतात. आणि मग लगेच तो शॉट येतो, शेतावरून पक्ष्यांचा प्रचंड मोठा थवा उठतो आणि कट करून गोल जिन्यावरून धडाधड उतरणारी मुलं. एकही संवाद नाही पण पिक्चरचं अख्खं भांडण तिथे मांडून झालेलं आहे, रेष विरुद्ध गोल. मला हे लक्षात यायला इतकी वर्षं का लागली माहीत नाही, पण एकदा दिसलं की मग सगळीकडे तेच दिसतं. वर्गात मुलं ओळीत बसतात पण कीटिंग कवितेच्या पुस्तकातल्या प्रस्तावनेची पानं फाडायला लावतो तेव्हा रांगा मोडतात आणि सगळी मुलं एका बाजूला झुकलेली, कचऱ्याची टोपली हातोहात फिरतेय. गुहेत मुलं शेकोटीभोवती गोल बसतात. अंगणातल्या चालण्याच्या सीनमध्ये तीन मुलं आपापल्या चालीने चालायला लागतात आणि थोड्याच वेळात बाकीच्यांच्या टाळ्यांवर तिघांची पावलं एकसारखी पडायला लागतात, म्हणजे गोल फिरता फिरता रेष कशी तयार होते ते तुमच्या डोळ्यासमोर घडतं, आणि वर खिडकीतून हेडमास्तर नोलन बघतोय.

ह्याच सीनमध्ये कीटिंग रॉबर्ट फ्रॉस्ट ह्या अमेरिकन कवीची ओळ म्हणतो, रानात दोन वाटा फुटल्या आणि मी कमी मळलेली वाट धरली, त्यानेच सगळा फरक पडला. आपण सगळ्यांनी ही ओळ अशीच ऐकलेली आहे. पण फ्रॉस्टची कविता पूर्ण वाचली तर मधल्या कडव्यात तो स्वतःच म्हणतो की दोन्ही वाटा खरं तर सारख्याच मळलेल्या होत्या, आणि 'कमी मळलेली' हे तो खूप वर्षांनी, उसासा टाकून सांगणार आहे, पुढे कधीतरी. म्हणजे ती धाडसाची कविता आहेच असं नाही, माणूस मागे वळून आपल्याच आयुष्याची गोष्ट कशी रचतो त्याची ती कविता आहे. कीटिंग हे मुलांना सांगत नाही.

रॉबर्ट हेरिक ह्या इंग्रज कवीचंही तेच. ट्रॉफीच्या कपाटापुढे, जुन्या विद्यार्थ्यांच्या फोटोंसमोर तो पिट्सला पहिलं कडवं वाचायला लावतो, गुलाबाच्या कळ्या वेचून घ्या, काळ उडून चाललाय. सीन अप्रतिम आहे, काचेत जिवंत मुलांचे चेहरे आणि काचेमागे गेलेल्यांचे, दोन्ही एकाच फ्रेममध्ये, कॅमेरा हळूहळू फोटोंच्या जवळ जातो आणि कीटिंग मागून कुजबुजतो. पण सतराव्या शतकातली ती कविता तरुण मुलींना उद्देशून आहे आणि शेवटच्या कडव्यात ती सांगते की वेळेत लग्न करून टाका. बंडखोरीचा त्यात काही संबंध नाही. ज्या कवितेवर ह्या मुलांचं सगळं बंड उभं आहे ती पूर्ण वाचली असती तर कदाचित त्यांच्या आईवडिलांना आवडली असती!

मी कीटिंगला दोष देत नाहीये, हे आधी स्पष्ट करते. मला तो माणूस मनापासून आवडतो आणि कविता पहिल्यांदा अशीच भेटायला हवी, छातीत काहीतरी हललं पाहिजे, रसग्रहण नंतर. त्या प्रस्तावनेतला प्रिचर्डचा तो आलेख, आडव्या रेषेवर कवितेची सफाई आणि उभ्या रेषेवर तिचं महत्त्व, तो फाडायलाच हवा होता. पण ह्या पिक्चरमध्ये छापील कविता जवळजवळ एकही पूर्ण ऐकू येत नाही, दोन ओळी, चार ओळी, एक कडवं, आणि मुलं त्या तुकड्यांवर जगायला लागतात. नॉक्सचंच बघा. त्याला आवडणारी मुलगी क्रिस, पार्टीत झोपलेल्या तिच्या कपाळावर तो ओठ टेकवतो आणि त्याला ते धाडस वाटतं, पिक्चरलाही थोडंसं तसंच वाटतं आणि ते मला आता अजिबात सहन होत नाही. क्रिसला पटकथेत स्वतःचं असं काही दिलेलंच नाही, ती नॉक्सच्या धाडसाची जागा आहे फक्त. चार्ली शाळेच्या सभेत देवाचा फोन आलाय अशी मस्करी करतो आणि नोलनचा मार खातो, तेव्हा कीटिंग पहिल्यांदा उरलेला अर्धा भाग सांगतो, की आयुष्याचा गर चोखून घ्यायचा म्हणजे हाड घशात अडकवून घ्यायचं नाही. थोरो ह्या अमेरिकन लेखकाचं वाक्य आणि त्याची दुरुस्ती. पण तोपर्यंत उशीर झालेला आहे, आणि ते त्याने चार्लीला सांगितलं, नीलपर्यंत ते त्याच वजनाने पोचत नाही.

नीलकडे वळण्याआधी टॉडची कविता. मला विचाराल तर पिक्चर खरं तर ह्या सीनसाठी बनवलाय. टॉडने गृहपाठ केलेला नाही, केलेला फाडून टाकलाय. कीटिंग त्याला पुढे बोलावतो, फळ्याच्या वर वॉल्ट व्हिटमन ह्या अमेरिकन कवीचं चित्र लावलंय त्याच्याकडे बोट दाखवून विचारतो हा कोणासारखा दिसतो, आणि मग त्याचे डोळे हाताने झाकून त्याला गोल फिरवत राहतो, आणि कॅमेराही त्या दोघांभोवती फिरायला लागतो. आत्तापर्यंत वर्गात कॅमेरा बाकांच्या रेषांशी बांधलेला होता, इथे त्या रेषा मागे धूसर होऊन वाहायला लागतात, भिंत, खिडकी, चेहरे, काही कळत नाही, आपल्यालाही टॉडसारखंच गरगरतं. आणि त्या गरगरण्यातून पांघरुणाबद्दलची ती कविता बाहेर येते, सत्य म्हणजे असं पांघरूण की कितीही ओढलं तरी पाय उघडेच राहतात. ईथन हॉकचा चेहरा बघा डोळे उघडल्यावर. वर्ग आधी हसत असतो, मग गप्प होतो, मग टाळ्या. आणि मला ह्या वेळी जाणवलं की पूर्ण पिक्चरमध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्यासमोर जन्मलेली अशी हीच एक कविता आहे, कुणाची उसनी ओळ नाही, मधेच तोडलेली नाही, आणि ती त्याची स्वतःची आहे. शेवटी बाकावर पहिला कोण चढतो ते आठवा मग.

नाटक म्हणून बघितलं तर सगळ्यात पक्कं काम नीलच्या खोटं बोलण्यावर केलंय. नील रात्री कीटिंगकडे येतो, त्याला शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये पकची भूमिका मिळालीय आणि वडील ते नाटक सोडायला सांगतायत. कीटिंग सांगतो, जे मला सांगितलंस ते त्यांना सांग, तुझी तळमळ त्यांना दिसू दे. हा सल्ला बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी नील म्हणतो सांगितलं, ते खूष नव्हते पण तसंही ते शिकागोला आहेत. कीटिंगच्या चेहऱ्यावर एक क्षण शंका येऊन जाते, तो विचारतो खरंच सांगितलंस ना, नील हो म्हणतो, आणि सीन संपतो. तेवढ्या एका 'हो' वर पुढचं सगळं उभं आहे. कुणी खलनायक लागत नाही. बापसुद्धा राक्षस म्हणून लिहिलेला नाही, घाबरलेला माणूस आहे, मुलगा आपल्यापेक्षा पुढे जावा म्हणून मुलालाच चिरडणारा. झोपायच्या आधी तो चपला काढतो आणि पलंगाशेजारी अगदी एकमेकींना समांतर ठेवतो, बस्स, एवढा एक शॉट. पुन्हा रेष.

आणि त्याच रात्री आधी नीलने पकचं शेवटचं भाषण केलेलं असतं, आम्हा सावल्यांमुळे तुम्ही दुखावला असाल तर माफ करा, हे सगळं स्वप्न होतं समजा. शेक्सपिअरच्या नाटकात ती प्रेक्षकांची माफी आहे. इथे बाप सभागृहात मागे उभा आहे आणि नील ते सगळं सरळ त्याला म्हणतोय. पूर्ण पिक्चरमध्ये बापासमोर मनातलं बोलायची त्याला जी एक संधी मिळते ती दुसऱ्याच्या शब्दांत, आणि बापाला ती ऐकूच येत नाही. घरी गेल्यावर स्वतःच्या शब्दांत बोलायची वेळ येते, बाप विचारतो सांग तुला काय वाटतं, आणि नील बसून राहतो, काही नाही म्हणतो. टॉडला फळ्यासमोर जे मिळालं ते नीलला कधी मिळालंच नाही, त्याच्याकडे फक्त सुंदर उसने शब्द होते. त्यानंतरचा निळा अंधार, उघडी खिडकी, डोक्यावर पकचा काटक्यांचा मुकुट, हे मी परत वर्णन करत नाही. फक्त एवढंच, नील आत्महत्या करतो ते घडताना आपल्याला दाखवत नाहीत आणि बापाला मुलगा सापडतो तो अभ्यासिकेत, त्याच्या स्वतःच्या टेबलामागे. ज्या पिक्चरमध्ये टेबलावर चढून जग वेगळं बघा असं शिकवलं जातं त्यात टेबलाची ही दुसरी बाजू. आणि मधे टॉडच्या वाढदिवसाला आईवडिलांनी पाठवलेला टेबलावर ठेवायचा सेट, मागच्या वर्षीचाच परत, तो नील त्याला हसत हसत पुलावरून फेकायला लावतो. हे तिन्ही एका माळेत ओवले की अंगावर काटा येतो.

पटकथेच्या आधीच्या खर्ड्यात कीटिंगला कॅन्सर होता आणि तो मरणार होता. वियरने ते काढून टाकलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण नाहीतर शेवटी मुलं मरणाऱ्या माणसासाठी उभी राहिली असती, आणि ते सोपं झालं असतं.

शेवटचा सीन. नीलच्या मृत्यूनंतर कीटिंगला शाळेतून काढलंय, आणि तो निघताना टॉड बाकावर चढून 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' अशी हाक मारतो. व्हिटमनने ती कविता १८६५ मध्ये लिंकनच्या खुनानंतर लिहिली आणि तिच्यातला कॅप्टन मेलेला आहे, जहाज किनाऱ्याला लागलंय, लोक जल्लोष करतायत आणि तो डेकवर थंडगार पडलाय. कीटिंगने पहिल्याच तासाला ही कविता कुणावरची आहे ते सांगितलेलं असतं पण ती वाचलेली नसते, फक्त हाक घेतलेली असते. टॉडही तेवढीच हाक मारतो. अर्धीच. पण ह्या वेळी उरलेली अर्धी कविता त्या वर्गात आहे, नीलचं बाक रिकामं आहे, शाळेतून काढलेल्या चार्लीचंही. मला वाटतं म्हणूनच ती इथे उसनी वाटत नाही.

आणि सगळे उभे राहत नाहीत. हे मला आधी कधी दिसलंच नव्हतं, आठवणीत अख्खा वर्ग बाकांवर होता. प्रत्यक्षात बरीच मुलं खाली बसलेली आहेत, मान घालून, कॅमेरॉन त्यांच्यात आहे, आणि वियर त्यांना फ्रेमच्या बाहेर ढकलत नाही, उभ्या मुलांच्या पायांमधून त्यांची डोकी दिसत राहतात. आवाज बंद असताना मी त्यांच्याकडेच बघत बसले. नोलन एकेकाला खाली उतर म्हणत फिरतोय, कीटिंग दारात, आणि मग अगदी शेवटचा शॉट, बाकावर उभ्या दुसऱ्या एका मुलाच्या दोन पायांच्या मधून टॉडचा चेहरा, दोन तिरक्या रेषांमध्ये, वर बघत नाही, खालीही नाही, दाराकडे.