माझ्या पाळीत दुसऱ्याचा वार

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत मी पहिला फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, बनवला, तेव्हा त्याला नाव द्यायला पाच मिनिटंही लावली नाहीत. आकडेमोडीत मात्र दोन रात्री गेल्या. 2014 च्या नियमांत 'ग्रेट वेपन मास्टर' नावाची फीट, म्हणजे खास कौशल्य, आहे: नेमाच्या फाशात 5 वजा करायचे, लागलाच वार तर इजा 10 ने जास्त. पाचव्या लेव्हलला फायटर एका पाळीत दोनदा वार करतो, 'ॲक्शन सर्ज' (एक जादा कृती) वापरला की चारदा. माझा एकेक वार सरासरी 21 चा होता आणि ओगर या राक्षसाकडे हिट पॉइंट्स, म्हणजे जीव, असतात 59. तीन लागले की खेळ खल्लास.

तसंच व्हायचं. दार उघडलं की मी आत, बाकीचे पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. मला वाटायचं, मी गटाचा आधारस्तंभ आहे. 'रोग' म्हणजे चोरट्याचं पात्र खेळणारी मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझं झालं की हाक मार, तोवर मी फोन बघते." मी हसण्यावारी नेलं.

मग एका देवळात समोर पुजारी आला आणि त्याने माझ्यावर 'होल्ड पर्सन' हा जखडणारा मंत्र टाकला. ताकद वाढवायच्या नादात मी असा मंत्र परतवणारं विस्डम 8 वर ठेवलं होतं, म्हणजे फाशावर उणे एक. 13 हवे होते, पडले 6. शरीर जागच्या जागी गोठलं. अशा अवस्थेत जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे फासे दुप्पट. पुजाऱ्याची माणसं सुरे घेऊन भोवती जमली. मंत्र मोडायचा तर कोणीतरी पुजाऱ्याचं ध्यान भंगवायला हवं होतं. पण मी नेहमीप्रमाणे 60 फूट पुढे, बाकीचे मागे जिन्यात. हिट पॉइंट्स शून्यावर आल्यावरही सुटका नाही. बेशुद्ध माणसाला जवळून वार लागला की एकदम दोन डेथ सेव्ह (जीव वाचवायचे फासे) फसतात आणि तीन फसल्या की संपलं. दोन सुऱ्यांत संपलं. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, माझ्या पात्राची शीट शांतपणे उलटी ठेवली. (नियम चोख पाळल्याबद्दल त्याचा राग आला, हे कबूल.)

दुसरं पात्रही फायटरच बनवलं, पण 'बॅटल मास्टर' या वाटेचा. विस्डम 14. या वाटेला काही डावपेच मिळतात, त्यांतला 'कमांडर्स स्ट्राइक' मी आधी वाचून सोडून दिला होता: आपला एक वार सोडायचा, बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) खर्चायची आणि साथीदाराने त्याच्या रिॲक्शनवर, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही करता येणाऱ्या कृतीवर, वार करायचा. स्वतःचा वार कोण सोडतं? पण मैत्रिणीच्या रोगच्या 'स्नीक अटॅक'ची, म्हणजे संधी साधून केलेल्या जास्त इजेच्या वाराची, मर्यादा दर पाळीला एकदा अशी आहे, दर फेरीला (सगळ्यांच्या एकेक पाळीला) नव्हे. माझ्या पाळीत तिने वार केला तर तो हिशेब वेगळा. वर मी शत्रूला खेटून उभा असलो की स्नीक अटॅकची अटही आपोआप पूर्ण.

पहिल्यांदा वापरला तेव्हा ती खरंच फोनमध्ये होती. मी म्हटलं, "माझा दुसरा वार तुझा."

"म्हणजे?"

"म्हणजे फासे काढ."

तिच्या शॉर्टबोचा (आखूड धनुष्याचा) एक, स्नीक अटॅकचे तीन आणि माझ्या डावपेचाचा एक आठ बाजूंचा. एवढे फासे एका मुठीत मावेनात. दोन टेबलाखाली घरंगळले आणि आम्ही चौघेही खाली वाकून ते शोधत होतो.