पैसा कव्हय येई?

डिसेंबरची सकाळ, सातला पाच कमी. धरणगाव रस्त्यावरच्या मामांच्या जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना) वजनकाट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर सरकीचं रिकामं पोतं, पोत्यावर माझा लॅपटॉप, आणि त्यात अमेरिकेतल्या आयोवातली, माझ्या वर्गातली पाच पोरं. त्यांच्याकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसात वाजत आलेले, खिडकीबाहेर बर्फ. इकडे मी कानटोपी घालून बसलेली, स्वेटरभर रुईचे तंतू. मागे कापसाची ट्रॉली रिकामी होत होती आणि मामा हमालांवर ओरडत होते, ते सगळं पोरांना ऐकू जात होतं.

घरात लग्न होतं म्हणून सत्र संपायच्या आठवडाभर आधीच अमळनेरला आले होते. शेवटचे तास ऑनलाइन. एका गटाची केस, म्हणजे एका धंद्यावरचा गटाने करायचा अभ्यास, बाकी होती, ती मामांच्या जिनिंगवर होती, म्हणून म्हटलं मालकालाच विचारा.

इथल्या मैत्रिणी विचारतात, तू तिकडे नेमकं शिकवतेस काय? कॉर्पोरेट फायनान्स. पदवीच्या शेवटच्या, म्हणजे चौथ्या वर्षाची पोरं, त्यांना तिकडे सीनियर म्हणतात. बऱ्याच जणांच्या हातात नोकरीचं पत्र आलेलं असतं, त्यामुळे अभ्यासातून मन उडालेलं. या आजाराला त्यांच्याकडे नावही आहे, सीनियरायटिस. अशांना फळ्यावर सूत्रं लिहून शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून केस. दहा-पंधरा पानांत एका कंपनीची हकिकत, मागे ताळेबंद, आणि एक अडलेला निर्णय: नवा कारखाना टाकायचा का, पैसा बँकेकडून घ्यायचा की शेअर विकून उभा करायचा. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने ही पद्धत 1920 च्या दशकात रुजवली. शेवटच्या पानावर उत्तर नसतं. आम्ही बीकॉमला गाइडमधलं आदर्श उत्तर पाठ करून आलेली माणसं. पहिल्या वर्षी मलाच घाम फुटायचा, की कोणी तोंडच उघडलं नाही तर पाऊण तास काय करायचं?

पोरं तोंड उघडतात. अडचण वेगळीच निघाली, ती म्हणजे गट. पाच जणांच्या गटात राबणारा एक, सही करणारे चार. हे चित्र अमळनेरहून आयोवाला जाताना वाटेत कुठेच बदलत नाही. उपाय म्हणून मी नियम केला, की प्रत्येकाने उरलेल्या चौघांत 100 गुण वाटायचे, ज्याने जेवढं काम केलं तेवढे. पहिल्या खेपेला सगळ्यांनी सगळ्यांना 25-25 दिले. रात्री दोन वाजेपर्यंत एकटीने एक्सेल भरणाऱ्या मुलीनेसुद्धा! मग आईने शंकरपाळ्या भरून दिलेला स्टीलचा डबा वर्गात नेला. त्यात पाचांच्या नावांच्या चिठ्ठ्या. ज्याची निघेल त्याने उभं राहून अख्खी केस मांडायची. पहिलीच चिठ्ठी निघाली त्या पोराच्या स्लाइडवर भांडवलाचा सरासरी खर्च (कर्ज आणि मालकांचा पैसा मिळून कंपनीला पडणारा टक्का) होता 8.37 टक्के. मी विचारलं, बाळा, हे वरचं 0.37 आलं कुठून? त्याने छताकडे पाहिलं. पुढच्या केसपासून गट रात्री एकत्र बसू लागले. नुसत्या चिठ्ठीच्या धाकाने.

(गुणांवरून आठवलं. तिकडे आईबापांनी फोन केला तरी मुलाच्या लेखी संमतीशिवाय मी सहसा मार्क सांगू शकत नाही, 1974 चा कायदाच आहे. इथे माझे मार्क कॉलेजातल्या शिपायाला माझ्याआधी माहीत असायचे.)

कंपनीची किंमत काढायची केस आली की मला पोरांची खरी गंमत वाटते. पुढच्या पाच वर्षांची रोकड बऱ्यापैकी विचार करून मांडतात, आणि सहाव्या वर्षापासून अनंतकाळापर्यंतचं सगळं एका ओळीत उरकतात. बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त किंमत त्या एका ओळीत बसलेली असते. फळ्यावर करून दाखवते. वर्षाला 10 कोटी हातात येणारी कंपनी, अपेक्षित परतावा 9 टक्के. रोकड कायम 3 टक्क्यांनी वाढेल म्हटलं तर 10 ला 9 वजा 3, म्हणजे 6 टक्क्यांनी भागायचं, किंमत 167 कोटी. 5 टक्के म्हटलं तर 250. कंपनी तीच, यंत्रं तीच, फक्त एका चौकोनातला आकडा बदलला.

इथे मी हमखास आमचं गाव काढते. 29 डिसेंबर 1945 ला अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. 1966 मध्ये वडील गेले म्हणून 21 वर्षांचा मुलगा स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परत आला आणि तिचं पुढे विप्रो झालं. आता सांगा, 1946 साली तुम्ही तिची किंमत काढायला बसला असता तर त्या शेवटच्या ओळीत काय भरलं असतं? कोणाच्या एक्सेलमध्ये कॉम्प्युटर आला असता? गावात ज्यांनी शेअरचे कागद ट्रंकेत तसेच राहू दिले ते पुढे श्रीमंत झाले. त्यांनी हिशेब करून ठेवले होते असं मला तरी वाटत नाही.

आता जिनिंग. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड. कंपनी नफ्यात आहे तर तिला कर्ज कशाला, हा प्रश्न दरवर्षी येतो. यंदा मी मामांचे आकडे गोल करून, गावाचं नाव काढून केस लिहिली. हंगामात रोज 10 लाखांचा कापूस. शेतकरी फार तर 5 दिवस थांबतो. क्विंटलमागे साधारण 33-34 किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. गाठी बांधून, लॉट जमवून माल जाईपर्यंत सरासरी 60 दिवस. पुढे सूतगिरणीची उधारी 45 दिवस. म्हणजे 60 आणि 45, वजा 5, शंभर दिवस पैसा अडकून. रोजचे 10 लाख धरले तर 10 कोटी. हंगाम दीडशे दिवसांचा, म्हणजे खरेदी 15 कोटींची आणि त्यावर 3 टक्के सुटले तर 45 लाख. धंदा दुप्पट करायचा तर आणखी 10 कोटी आणायचे कुठून? 45 लाखांतून?

चार गटांनी पानं भरभरून धंदा वाढवा म्हटलं. या एकाच गटाने म्हटलं, थांबा. त्यात मक्याच्या शेतीवर वाढलेली एक मुलगी होती. धान्य कोठारात पडून असताना घरात पैशाची कशी ओढ असते, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं.

तिनेच मामांना पहिला प्रश्न विचारला. तुम्ही स्वतःच्या पैशावर किती परतावा धरता? मी मराठीत सांगितलं, कर्जाचं नाही, आपल्या खिशातल्या पैशाचं विचारतेय. मामा म्हणाले, "हेच पैसे बायपासला जमिनीत घातले असते तर जेवढे झाले असते, त्याच्यापेक्षा कमी भेटले तर मी इथं धूळ कशाला खाऊ?" मी भाषांतर केलं. पोरांनी लिहून घेतलं. आमच्या पाठ्यपुस्तकात याच गोष्टीला चार पानं लागतात.

दुसऱ्या पोराने विचारलं, नवी ऑर्डर आली की सर्वांत आधी काय बघता? त्याला भाव किंवा मार्जिन अपेक्षित असावं. मामांनी कॅमेऱ्याकडे न बघताच उत्तर दिलं, "पैसा कव्हय येई?" म्हणजे, पैसा कधी येईल? हे अहिराणी वाक्य इंग्रजीत घालून दिलं तरी ते पोरगं म्हणे, मूळ पुन्हा म्हणा. पाचही जण 'कव्हय' म्हणायचा प्रयत्न करत बसले आणि इकडे हमाल हातातली पाटी थांबवून हसत राहिले.

कॉल संपल्यावर मामांना एक्सेल बघायचं होतं. मी गटाची फाइल उघडून दिली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली, मग 45 वर बोट ठेवलं.

"हे बिलावरचं ना? गिरण्या 45 लिहितात. पैसा येतो 75 ला."

"मग केस लिहिताना मला 45 का सांगितलं?"

"तू बिल दाखवा म्हणालीस, ताई. मी बिल दाखवलं."

त्यांनीच तो चौकोन पुसून 75 टाकले. शंभराचे 130 दिवस झाले, 10 कोटींचे 13. फाइल बघून मामा म्हणाले, आता बरोबर, एवढेच अडकलेत, आणि काट्यावर नवी ट्रॉली आली म्हणून उठून गेले.

ग्रेड सोमवारपर्यंत द्यायच्या आहेत. पोरांचं गणित 45 वर बिनचूक आहे, आणि 45 त्यांना मीच दिले होते. फाइल मी अजून सेव्ह केलेली नाही.