घटनेची वेळ: दुपारी १२:००

कॅज्युअल्टीत इजा होऊन आलेल्या रुग्णांची नोंद रजिस्टरऐवजी मोबाईलवर करायची, हे काम माझ्याकडे आलं तेव्हा धास्ती वाटत होती ती फोनची. सिस्टर वापरतील का, रात्री चार्जिंग टिकेल का, नेट गेलं तर काय. ते सगळं निभावलं. पण फॉर्ममधला एक प्रश्न बदलून घ्यायला मला सात आठवडे लागले. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहून काढतेय.

आम्ही ओडीके कलेक्ट हे अ‍ॅप घेतलं. ओडीकेचं काम २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. नेट नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नेट आलं की सर्व्हरवर जाते. फॉर्म एक्सेल शीटमध्ये लिहिता येतो. सिस्टरना शिकवायला दोन दुपारी पुरल्या.

पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी मी लॅपटॉपवर उतरवल्या आणि 'घटनेची वेळ' हा रकाना वरून खाली वाचायला घेतला. १२:००. १२:००. १४:३०. १२:००. १२:००. १२:००. पानामागून पान तेच. माणसं जणू दुपारी बाराच्या ठोक्यालाच पडत होती, भाजत होती, गाडीखाली येत होती.

फॉर्म आमच्याकडे नोंदणी विभागातून तयार होऊन आला होता. वेळेचा प्रश्न सक्तीचा, आणि सिस्टरना टाइप करायला लागू नये म्हणून आधीच १२:०० भरून ठेवलेला. शिवाय एक तपासणी: घटनेची वेळ रुग्ण आल्यानंतरची असता कामा नये. तपासणी चांगलीच आहे, ती असावीच. पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं ते मी एका रात्री उभी राहून पाहिलं.

पावणेतीनला दोन अनोळखी माणसांनी एकाला आणलं. बेशुद्ध, नावही कुणाला माहीत नाही. एक सिस्टर कात्रीने त्याचा शर्ट कापत होती, दुसरीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन. वेळेचा प्रश्न आला तसं तिने आणणाऱ्यांना विचारलं. "आम्हाला पडलेलाच दिसला," एकजण म्हणाला. तिने अंगठ्याने पान पुढे सरकवलं. फॉर्मने अडवलं, कारण आजचे दुपारचे बारा अजून वाजायचे होते. तिने तारीख एक दिवस मागे घेतली, वेळेला हात लावला नाही, आणि फॉर्म पुढे गेला. आमच्या नोंदीप्रमाणे तो माणूस पावणेपंधरा तास उपचाराविना पडून होता.

सिस्टरची यात काडीचीही चूक नव्हती. 'माहीत नाही' म्हणायला तिला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. आणि इजा झाल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, हे कळावं म्हणून तर आम्ही हा सगळा खटाटोप करत होतो. रात्री डॉक्टर किती हवेत, अँब्युलन्स कुठे कमी पडते, हे त्या आकड्यावरून ठरायचं होतं.

मला हवा असलेला बदल एक्सेलमधल्या तीन ओळींचा होता. आधी विचारायचं, 'घटनेची वेळ माहीत आहे का?' उत्तरं तीन: नेमकी, अंदाजे, माहीत नाही. नेमकी असेल तरच घड्याळ उघडायचं, अंदाजे असेल तर पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांतून निवड, आणि माहीत नसेल तर पुढचा प्रश्न. रेलेव्हंट नावाचा रकाना असतो, त्यात अट लिहिली की झालं. चहा निवायच्या आत होणारं काम.

नोंदणी विभागात गेले तर उत्तर मिळालं, "रकाना रिकामा राहिला तर नोंद अपूर्ण धरतात. आपल्या नोंदी शंभर टक्के पूर्ण आहेत." मी म्हटलं, पूर्ण आहेत पण खोट्या आहेत. ते आवडलं नाही. "'माहीत नाही' ठेवलं तर सगळे तेच दाबतील," असं म्हणाले. दाबू देत की! निदान किती जणांची वेळ माहीत नाही ते तरी कळेल. लेखी द्या म्हणाले, दिलं. आठवड्याने अर्ज परत, विभागप्रमुखांची सही नाही म्हणून. सही घेऊन गेले तर फॉर्ममधले बदल समिती ठरवते, ती महिन्यातून एकदा बसते, आणि तिची विषयपत्रिका आदल्या दिवशीच निघून गेलेली. एक दिवस! त्या एका दिवसापायी पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं. रोज सकाळी नोंदी उतरवायच्या, रोज १२:०० पाहायचे आणि गप्प बसायचं. हात बांधून कुणीतरी आपल्यासमोर चुकीचा हिशेब लिहावा, तसं वाटायचं.

तेवढ्यात एक वाट सापडली. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' ही मोकळी चौकट होती. सिस्टरना विनंती केली की वेळ खरोखर माहीत नसेल तर तिथे फक्त 'वेमाना' लिहा. त्यांनी गर्दीतही लिहिलं, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. तुमचा फॉर्म करताना शेऱ्याची चौकट काढू नका, कुणी कितीही नको म्हटलं तरी.

बैठकीला मी एकच कागद नेला. डावीकडे फॉर्म उघडल्याची वेळ, जी फोन आपोआप टिपतो (ही सोय सुरू ठेवा आणि फोनचं घड्याळही आपोआप जुळणारं ठेवा), उजवीकडे घटनेची वेळ. उजवा रकाना पाहून एक ज्येष्ठ सर्जन चष्मा पुसायला लागले. मग मी ग्लासगो कोमा स्केलचं बोलले. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजायची, १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही मोजपट्टी, ३ ते १५ गुणांची; गुण जितके कमी तितका रुग्ण गंभीर. घशात नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही, तेव्हा बोलण्याच्या गुणांत सर्वांत कमी म्हणजे १ लिहायचा नाही, तपासता आलं नाही या अर्थाने 'एनटी' लिहायचं, असं २०१४ च्या सुधारित सूचनांत स्पष्ट आहे. आमचा फॉर्म तिथेही आकडाच मागत होता, त्यामुळे नळीवरचा रुग्ण आहे त्याहून गंभीर दिसायचा. आयसीडी-१० या आजार आणि इजांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतसुद्धा अपघात की मुद्दाम केलेली इजा हे ठरवता येत नसेल तर वाय१० ते वाय३४ असे वेगळे कोड आहेत. दहा मिनिटांत दोन्ही बदल मंजूर झाले. सात आठवडे आणि दहा मिनिटं.

हे करणार असाल तर आणखी काही, आठवेल तसं. 'माहीत नाही'साठी ९९ हा आकडा ठेवू नका, वयाच्या सरासरीत ९९ वर्षांची माणसं घुसतात. फॉर्म बदलला की त्याचा आवृत्ती क्रमांक बदला, नाहीतर फोनवर जुनाच राहतो. घटनेच्या जागेसाठी जीपीएस लावण्याचा मोह होतो, पण फोन असतो कॅज्युअल्टीत, म्हणजे सगळे अपघात दवाखान्याच्या दारात झालेले दिसतात. जागा विचारूनच लिहावी लागते. अ‍ॅप काढून टाकलं की न पाठवलेल्या नोंदीही जातात, म्हणून ड्यूटी बदलताना नोंदी पाठवून मगच फोन हातात द्यायचा. नाव घेऊ नका, नोंद क्रमांक पुरतो. जखमेचे फोटो त्या फोनवर नकोतच.

नवा फॉर्म आला त्या रात्री मी पुन्हा थांबले. साडेबाराच्या सुमाराला जिन्यावरून पडलेल्या आजींना शेजारी घेऊन आले. सिस्टरने 'अंदाजे' दाबलं, मग 'रात्र', आणि फोन खिशात टाकून त्यांच्या मनगटाकडे वळली.

मधल्या सात आठवड्यांच्या नोंदी मात्र सर्व्हरवर तशाच आहेत. शेऱ्यात 'वेमाना' आहे तिथली वेळ काढून 'माहीत नाही' करावं, असा दुसरा अर्ज मी दिला आहे. या वेळी सही आधी घेतली आणि विषयपत्रिकेच्या चार दिवस आधी पोहोचवला. दर सोमवारी जाऊन विचारते.