कवटीतलं अंडं

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅबमध्ये रोज येतं ते रक्त आणि थुंकी. मलेरियाच्या स्लाइड, टीबीचे नमुने, सिकलसेलच्या तपासण्या. हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाच्या पोटातली माती तिथे यायचं काही कारण नव्हतं. मार्चमधल्या एका सकाळी ती आली. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत.

नागपूर जिल्ह्यातलं आमचं गाव. गावाबाहेरच्या एका वावरात मोठ्या दगडांची गोल वर्तुळं आहेत. म्हातारी माणसं त्यांना ‘गवळ्याइचे गोटे’ म्हणतात. खरं तर ती लोखंड वापरणाऱ्या जुन्या लोकांची दफनं, माहुरझरी-जुनापाणीला आहेत तशीच. नायकुंडला तर त्या लोकांची लोखंड गाळायची भट्टीही सापडली आहे. त्या वावरात उत्खनन चाललं होतं आणि तिथली संशोधक मुलगी आमच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन माझ्यासमोर उभी होती.

“दादा, जंताची अंडी ओळखता ना तुम्ही?”

चौदा वर्षं तेच करतोय, म्हटलं.

तिनं समजावलं. माणूस पुरला की आतडी कुजून जातात, जंतही जातात, पण अंड्याचं कवच चिवट. ती कमरेच्या हाडांमधल्या मातीत पडून राहतात. एका पिशवीत तीच माती होती. दुसरीत कवटीतली. कवटीत आतडं नसतं, म्हणून ती पिशवी रिकामी निघाली पाहिजे. तरच पहिलीवर विश्वास ठेवायचा.

माती भिजवली, बारीक जाळीतून गाळली, सेंट्रिफ्यूज केली. आमची काळी माती लवकर बसत नाही, चिखलाचं पाणी तासभर छळतं. मग मिठाचं दाट द्रावण परीक्षानळीत काठोकाठ भरलं आणि वर कव्हरस्लिप ठेवली. अंडी हलकी, वर येऊन काचेला चिकटतात.

तेवढ्या वेळात ती बोलत राहिली. १९१० मध्ये रफर नावाच्या डॉक्टरानं इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडात रक्तकृमीची अंडी शोधली, तिथून ही विद्या सुरू झाली. चीनमध्ये रेशीम मार्गावरच्या एका ठाण्याच्या शौचकुपात दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कापड गुंडाळलेल्या पुसायच्या काड्या मिळाल्या. त्यांवर यकृतातल्या कृमीची अंडी होती. हा कृमी पाणथळ भागातला, कच्च्या माशातून पोटात जाणारा. ठाणं वाळवंटाच्या कडेला, आणि पाणथळ मुलूख किमान दीड हजार किलोमीटर लांब. म्हणजे कुणी तरी आजार पोटात घेऊन एवढं चालत आलं होतं. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मेला, सांगाडा सापडला २०१२ मध्ये. त्याच्या कमरेच्या मातीत गोलजंताची अंडी होती, कवटीच्या मातीत एकही नाही. राजा असून पोटात जंत! मला ते ऐकून कसंसंच झालं. इतिहासाच्या पुस्तकात आम्हाला कुणी राजाचं पोट शिकवलं नव्हतं.

पहिली स्लाइड कमरेची. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक ओढला. परागकण, बुरशीचे गोळे, मुळांचे तंतू. आणि मग एक अंडं. सोनेरी-तपकिरी, खडबडीत सालीचं. गोलजंत. ती आनंदानं ओरडलीच. मोबाइल भिंगाला लावून तिनं फोटो काढला, हात थरथरत होते.

दुसरी स्लाइड कवटीची. तीन अंडी.

तिचा चेहरा पडला. मी मोठं भिंग लावलं. एका अंड्याच्या आत बारीक दोऱ्यासारखी अळी वेटोळं घालून बसली होती. पाहता पाहता तिनं कूस बदलली.

“ताई, हे जिवंत आहे,” म्हटलं. “हे आमच्याच गावचं.”

दुपारी दोघं वावरात गेलो. उन्हानं जमीन फाटली होती. एका भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. पाऊस आला की वरची माती या भेगांतून खाली धुऊन जाते, थेट सांगाड्यापर्यंत. आणि वर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला लहान पोरं अजूनही शौचाला बसतात. १० फेब्रुवारीला शाळेत आणि अंगणवाडीत आम्ही जंतनाशक गोळ्या दिल्या होत्या. गोळी पोटातला जंत मारते, मातीतलं अंडं तसंच राहतं, कित्येक वर्षं. हे मला पाठ होतं. पण माझं लक्ष फक्त माझ्या स्लाइडवर असायचं, वावराकडे कधी गेलंच नव्हतं.

वावरवाल्या मावशी तिथेच बसल्या होत्या. “काय सापडलं जी? सोनं?”

मी सगळं सांगितलं. अळी हललेलीही सांगितली. त्या धुऱ्याकडे बघत राहिल्या. “माया नातवाचं पोट सारखं दुखून राह्यते. इथंच खेळते तो.”

ताईनं दुसऱ्या दिवशी नव्यानं माती घेतली. एका मोठ्या आडव्या शिळेखालची, जिथे भेग पोचली नव्हती, आणि सोबत बाहेरचीही. ती पुण्याला न्यायची होती. पिशव्यांवर तिनं दोनदोनदा तपासून नावं लिहिली.

मी केंद्रात पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. मावशी पायरीवर, पदरात दोन काड्यापेट्या. एकीवर कोळशानं फुली मारलेली.

“फुलीवाली मोठ्याची,” त्या म्हणाल्या. “पाहून द्या, भाऊ.”