सोलर ड्रायरमधील मेणाचे काम

उन्हाच्या उष्णतेवर द्राक्षे वाळवून बेदाणा करणारा सोलर ड्रायर दिवसा उत्तम चालतो; अडचण येते ती ऊन उतरल्यावर. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात रात्री चांगलाच गारवा असतो आणि दुपारी तापलेली ड्रायरमधील हवा सायंकाळनंतर झपाट्याने थंड होते. “रात्रीतून माल पुन्हा ओल धरतो,” असे निफाडजवळच्या एका बागायतदार काकांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या तळहातावरचे मणी वरून सुरकुतलेले, पण देठाशी चिकट होते. अशा ड्रायरला उष्णता साठवणारा पदार्थ जोडायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

दगड सर्वांत स्वस्त. मात्र १ किलो दगड १० अंशांनी थंड होताना जेमतेम ८ ते ९ किलोज्यूल उष्णता देतो, तर पाणी सुमारे ४२. पॅराफिन मेण मात्र वितळताना किलोमागे साधारण २०० किलोज्यूल शोषून घेते आणि गोठताना तेवढीच उष्णता जवळपास एकाच तापमानाला परत करते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. बेदाण्यासाठी ५० अंशांच्या आसपास वितळणारे मेण निवडले, तर दुपारची जादा उष्णता त्यात मुरते आणि माल करपण्याची भीतीही कमी होते.

खरी मेख मेणाच्या उष्णतावाहकतेत आहे. ती पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते. जाड पाइपात भरलेले मेण भर दुपारी उघडून पाहिले, तर कडेला तेलासारखे पारदर्शक झालेले दिसते आणि मधोमध पांढरी कांडी तशीच घट्ट असते. म्हणून कमी व्यासाच्या, पात्या लावलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्याव्यात आणि वितळताना मेण फुगते, हे लक्षात घेऊन त्या काठोकाठ भरू नयेत.

अपेक्षाही हिशेबाने ठेवावी. २० किलो मेणात ४,००० किलोज्यूल मावतात, आणि १ किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे २,४०० लागतात. १ किलो बेदाण्यासाठी तर ४ किलोंच्या आसपास द्राक्षे, म्हणजे जवळपास ३ किलो पाणी उडवावे लागते. तेव्हा मेणाच्या जोरावर रात्री माल वाळेल, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. सायंकाळी झडपा बऱ्याचशा मिटून छोटा पंखा चालू ठेवला, तर माल उबदार राहून ओल धरत नाही, आणि मेणाकडून तेवढेच काम घ्यावे. ही साठवण भरण्यासाठी कलेक्टरचे, म्हणजे ऊन शोषून हवा तापवणाऱ्या भागाचे, क्षेत्रफळही वाढवावे लागते, नाहीतर दिवसाच्या वाळवणीतलीच उष्णता मेण पिऊन टाकते.